एकाच जागी चुकलेले उंदीर

१

उंदीर हुशार निघाले काय आणि मठ्ठ निघाले काय, माझं काही अडत नव्हतं. मी चौकशी विभागात लघुलेखिका आहे. लोक खोटं बोलतात आणि मी ते शुद्ध भाषेत लिहून काढते, एवढंच माझं काम. पण त्या सकाळी मानसशास्त्र विभागात बाहेरच्या दोन परीक्षकांसमोर एकामागून एक उंदीर पाण्यात सोडले गेले आणि एकामागून एक चुकत गेले. दुपारपर्यंत एका मुलीच्या नावावर लबाडीचा शिक्का मारायची तयारी झाली होती, म्हणून मला नाक दाबून तिकडे जावं लागलं.

आधी तो प्रयोग सांगते. मलाही तो तिथेच कळला, त्यामुळे फार विद्वत्तेची भीती बाळगू नका. एका खोलीत मोठा गोल हौद. पाण्यात पांढरा रंग कालवून ते दुधट केलेलं. त्यात एका ठरलेल्या जागी, पाण्याच्या जराशा खाली, एक छोटा पाट पक्का बसवलेला. उंदराला पोहता येतं पण आवडत नाही, म्हणून तो टेकायला जागा शोधत फिरतो. पाट दिसत नाही, सापडावा लागतो. शिकलेला उंदीर मात्र सरळ पाटाकडे जातो. हौदाभोवती गोल दांडीवर काळा पडदा, आणि पडद्याला आतून चार मोठी चित्रं लावलेली: चांदणी, पट्टे, वर्तुळ आणि त्रिकोण.

मुलीचं म्हणणं असं, की उंदीर ही चित्रं बघून जागा ओळखतो आणि त्याच्या डोक्यात जागेचा नकाशा तयार होतो. तिच्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं बरोबर उलटं. उंदीर फक्त हालचाली घोकतो, अंगाला सवय लागते, डोक्यात नकाशा वगैरे काही नसतो. सरांनी यावर जाडजूड ग्रंथ लिहिलाय आणि तो पाठ करून कित्येक जण पास झालेत. आता ही मुलगी दर वेळी उंदीर वेगळ्याच बाजूने सोडायची आणि तरी तो पाट गाठायचा. घोकलेल्या हालचालींनी ते जमणार नाही. म्हणजे तिचे निकाल खरे असतील तर सरांचा ग्रंथ रद्दीत.

सरांना निकालांचा संशय आला, त्यांनी परीक्षक बोलावले, आणि परीक्षकांसमोर उंदीर चुकले. तेव्हा सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे निकाल हौदात लागलेले नाहीत, टेबलावर लागलेत."

२

आमचे साहेब पूर्वी परीक्षा मंडळात कॉपीची प्रकरणं बघायचे. मुलांनी तेव्हाच त्यांचं नाव एरंडेल ठेवलं होतं. समोर आले की तोंड वाकडं होतं आणि पोटातलं सगळं बाहेर पडतं. साहेबांना हे नाव माहीत आहे, आणि माझा दाट संशय आहे की आवडतंही.

परीक्षक संध्याकाळी परत जाणार होते. जाण्यापूर्वी अहवाल हवा, नाहीतर सरांचा शब्द तोच निकाल. मग मुलीची पदवी गेली, विभागात रिकामी असलेली जागा गेली, आणि पुढे कुठल्याही प्रयोगशाळेचं दार तिला उघडणार नाही.

तिला विभागात सगळे धाकटी म्हणतात. ती तिथे सर्वांत लहान, आणि घरीही धाकटी सून. तिची मुलगी थोरल्या जावेने सांभाळली म्हणून हिला शिकता आलं. आम्ही पोचलो तेव्हा ती जाऊबाई व्हरांड्यात उभी होती आणि शिपायाला ऐकवत होती की आमच्या धाकटीला खोटं बोलता येत असतं तर सासरी तिचे एवढे हाल झाले नसते. मला बाई आवडली. पण आवडलेल्या माणसांच्या घरचे लोकही खोटं बोलतात, हे मी नोकरीत शिकलेय.

धाकटीचे डोळे सुजले होते. तिने खुर्चीत बसताबसताच सांगून टाकलं, की तिने एकही आकडा बनवलेला नाही आणि उंदीर का चुकले ते तिला माहीत नाही. आदल्या सकाळच्या धड्यात एकूण एक उंदीर बरोबर गेला होता. मी लिहून घेतलं. पकडलेला प्रत्येक जण कालपर्यंत सगळं ठीक होतं असंच म्हणतो.

साहेबांनी निकालांबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "उंदीर चुकले म्हणजे नेमके कसे चुकले?"

सकाळपासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि रडण्याच्या भरात तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

हौदावर छतातून कॅमेरा आहे. सकाळचं चित्रण तिने लावून दिलं. संगणकाच्या पडद्यावर दुधट पाणी आणि त्यात एक काळं डोकं. पहिला उंदीर पाट सोडून भलतीकडे गेला. दुसराही गेला, तिसराही गेला. एकच उंदीर, एका कानाचा लचका तुटलेला, सरळ पाटावर जाऊन बसला. त्यालाही सरांनी परीक्षकांसमोर तुक्का म्हणून झटकून टाकलं होतं. बाकीचे सगळे नापास. मला त्या मुलीची कीव यायला लागली.

साहेब मात्र खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, लिहा. या उंदरांनी कॉपी केलीय."

३

मला वाटलं, साहेबांचं वय झालं.

"कॉपी बरोबर उत्तरांवरून पकडत नाहीत," ते धाकटीला सांगू लागले. "बरोबर उत्तर कुणाचंही येऊ शकतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. अभ्यास न केलेली मुलं चुकतात, पण प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने चुकतो. सगळ्यांची चूक एकच असली, की समजायचं सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून घेतलंय. आता बघा, तुमचे उंदीर कुठे जातायत."

आता मलाही दिसलं. कुठल्याही बाजूने सोडला तरी प्रत्येक उंदीर पाटाच्या बरोबर समोरच्या काठाकडे जात होता आणि तिथेच हट्टाने घिरट्या घालत होता. इथेच तर होता, कुठे गेला, असं म्हणत असल्यासारखा. न शिकलेला उंदीर हौदभर भरकटला असता. हे भरकटत नव्हते.

साहेब म्हणाले, "म्हणजे यांचा अभ्यास चोख आहे. प्रश्नपत्रिकाच चुकीची आलीय."

आम्ही हौदाच्या खोलीत गेलो. पाट जागेवर होता, हौद हललेला नव्हता. धाकटीने पडदा बाजूला सारला, आत डोकं घातलं आणि तशीच थांबली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. चांदणी दाराच्या बाजूला हवी होती. ती मोरीच्या बाजूला होती. मोरीकडचं वर्तुळ दाराकडे, आणि पट्टे व त्रिकोण तसेच एकमेकांच्या जागी. एकही चित्र काढलेलं नव्हतं. कुणीतरी अख्खा पडदाच दांडीवरून अर्धा फिरवला होता. चित्रांचा क्रम तोच, फक्त दिशा उलटी.

"आणि हे तुम्हाला सकाळी दिसलं नाही?" मी विचारलं. मध्ये बोलायचं माझं काम नाही, पण राहवलं नाही.

ती शरमली. माणूस दिसला तर उंदीर माणसाचीच खूण धरतो, म्हणून प्रयोग करणाऱ्याने पडद्याबाहेर राहायचं असा त्यांचा नियम आहे. पडद्याला चारी बाजूंनी फटी आहेत, फटीतून हात घालून उंदीर सोडायचा आणि बाहेर कॅमेऱ्याचं चित्र बघायचं. कॅमेऱ्यात फक्त पाणी दिसतं, आणि बाहेरून पडदा सगळीकडून सारखाच काळा. "उंदीर चित्रं बघतात असं मी लिहिलं," ती म्हणाली, "आणि मी स्वतः कधी बघितली नाहीत."

पडदा आपोआप सरकला असेल, अशी एक शक्यता होती. साहेबांनी खाली वाकून बघितलं. पडदा सरकू नये म्हणून कपड्याच्या चिमट्यांनी तो हौदाच्या काठाला धरलेला असतो. सगळे चिमटे नीट लावलेले होते. आपोआप सरकलेला पडदा स्वतःला चिमटे लावून घेत नाही.

४

चावीवाले दोघेच, सर आणि प्राण्यांची देखभाल करणारा माणूस. तिसरी चावी धाकटीकडे. सगळ्यांनी धरून चाललं होतं, की हे उद्योग आदल्या संध्याकाळी, विभाग रिकामा झाल्यावर झाले असणार.

संध्याकाळी इमारतीत थांबली होती मैना. ती पलीकडच्या खोलीत मैनांवर प्रयोग करते म्हणून मैना, आणि बोलते तीही तशीच, न थांबता. रिकाम्या जागेसाठी धाकटीबरोबर हिचाही अर्ज. तिने सुरुवातीलाच मला धाकटी किती गरीब स्वभावाची आहे ते सांगितलं. इतकं कौतुक ऐकून माझा संशय पक्का झाला. संध्याकाळी काय करत होतीस म्हटल्यावर मात्र तिचं बोलणं तुटलं. पाणी प्यायली, ओढणी सारखी केली. शेवटी कबूल झालं, की ती दुसऱ्या गावच्या नोकरीचे अर्ज सरांच्या छपाईयंत्रावर छापून घेत होती आणि सरांना हे कळू नये म्हणून लपवत होती. "त्या खोलीची चावी घ्यायला मी कुणाच्या पाया पडणार होते?" ती म्हणाली. हे खरं असू शकत होतं. खोटंही असू शकत होतं, कारण देखभालवाल्याची चावी संध्याकाळी खिळ्यावर लटकत असते.

त्या देखभालवाल्याला सगळे उंदीरमामा म्हणतात. पिंजऱ्यासमोर उभा राहून तो उंदरांशी घरच्यासारखं बोलत होता. त्याच्याकडे कारण होतं आणि ते त्याने लपवलंही नाही. प्रयोग संपला की मेंदू तपासायला उंदीर मारतात. त्याने धाकटीला किती विनवलं होतं. सकाळी उंदीर चुकले तेव्हा हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर "बरं झालं" म्हणाला होता.

"म्हणालो मी," त्याने मला सांगितलं. "प्रयोग फसला तर पुन्हा करतील, तेवढेच दिवस जगतील बिचारे. पण मॅडम, पडद्याला मी हात लावत नाही. या कानतुट्याची शपथ. सगळे शिकत होते तेव्हा हा कान चिघळून पडला होता. काल दुपारी संस्थेच्या गाडीतून मीच त्याला डॉक्टरकडे नेला, आता पोहायला हरकत नाही म्हणाले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला."

मी लिहून घेतलं आणि उंदरांच्या शपथेला किती किंमत द्यायची या विचारात पडले.

राहिले सर. त्यांनी आम्हाला बसवलं, साहेबांशी बरोबरीने बोलले, धाकटीबद्दल वाईट वाटतं म्हणाले. पोटच्या मुलीसारखी शिकवली होती तिला. आदल्या संध्याकाळपासून सकाळपर्यंत दोन्ही परीक्षक त्यांच्या घरी मुक्कामाला होते, तेव्हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पडदा फिरवल्याचं ऐकून ते खिन्न हसले.

"तिने स्वतःच फिरवला असेल, निमित्त मिळावं म्हणून. आणि कुणीही फिरवला तरी काय? माझ्या मते ती चित्रं नुसती सजावट आहे. त्यांनी उंदराला काही फरक पडत नाही, हे मी आयुष्यभर सांगत आलोय. मी कशाला पडद्याच्या वाटेला जाऊ?"

बोलणं बिनतोड होतं. ज्याच्या मते कुलूप खोटं आहे तो किल्ली कशाला चोरेल? आम्ही बाहेर आलो तेव्हा माझ्या मते मैना गुन्हेगार होती आणि साहेबांच्या मते काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर कधीच नसतं.

५

व्हरांड्यात परीक्षकांचं सामान येऊन पडलं होतं. साहेब एकदम म्हणाले, "बाई, तो एकटा पास कसा झाला?"

कोण ते मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी म्हटलं, की सर त्याला तुक्का म्हणतात.

"वर्गात सगळे एकच चूक करतात आणि एकच जण बरोबर लिहितो. त्याला तुक्का म्हणत नाहीत. त्याने वेगळ्या पुस्तकातून अभ्यास केलेला असतो."

आम्ही धाकटीला गाठलं. कानतुट्या कधी शिकला? तिने सांगितलं, काल दुपारी. तो आजारी होता तोवर बाकीच्यांचे धडे झाले, त्याचा एकही नाही. काल दुपारी उंदीरमामा त्याला डॉक्टरकडून परत घेऊन आला आणि तिने एकट्यालाच पाण्यात सोडून, पाट पुन्हा पुन्हा शोधायला लावून, दिवस मावळेपर्यंत शिकवला. सरांना सांगायचं राहून गेलं. त्यांच्या लेखी तो काल आजारीच होता.

साहेबांनी डोळे मिटले. मीही लिहायची थांबले, कारण माझ्याही डोक्यात उजेड पडत होता. सरळ पडद्याच्या हौदात शिकलेले सगळे उंदीर आज चुकले. मग आज बरोबर गेलेला कानतुट्या फिरवलेल्या पडद्याच्या हौदात शिकलेला. म्हणजे काल दुपारी त्याचा धडा सुरू झाला तेव्हाच पडदा फिरलेला होता. आणि काल सकाळी बाकीचे सगळे बरोबर गेले, तेव्हा तो सरळ होता.

पडदा संध्याकाळी फिरलाच नाही. तो जेवणाच्या सुट्टीत फिरला.

मग बाकी फार उरलं नाही. सकाळचे धडे संपल्यावर धाकटीने उंदीर मामाच्या ताब्यात दिले, खोलीला स्वतः कुलूप घातलं आणि मैनेबरोबर जेवायला गेली. दोघी संपूर्ण वेळ एका टेबलावर होत्या, बोलत मैनाच होती. मामा आपल्या चावीसकट गाडीत, शेजारी चालक आणि मांडीवर कानतुट्या. परत येऊन तो दाराशी थांबला होता, दार धाकटीनेच उघडलं. धाकटीने स्वतः फिरवला असता तर त्याच पडद्यात तिने उंदीर शिकवायला घेतलाच नसता.

उरलेली चावी कुणाची ते मी तिला विचारलं नाही. तिला ते कळलं होतं आणि ते तिला नको होतं. "सर असं करणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांना हे पटतच नाही. पटत नसताना कशाला करतील?"

साहेब म्हणाले, "तेच त्यांना विचारू."

६

हौदाच्या खोलीत आम्ही, दोन्ही परीक्षक, सर आणि धाकटी. साहेबांनी सगळं क्रमाने सांगितलं. परीक्षक अस्वस्थ झाले. सर शांत राहिले.

"दुपारी चावी माझ्याकडे होती, एवढंच तुम्ही सिद्ध केलंत," ते म्हणाले. "पण कारण काय? पडदा फिरवल्याने उंदीर चुकतात, असं ज्याला वाटतं तोच पडदा फिरवेल. मला तसं वाटत नाही. माझा ग्रंथ वाचा."

"मग अडलं कुठे?" साहेब म्हणाले. "तुमच्या म्हणण्याप्रमाणे उंदीर आज पडद्यामुळे चुकलेच नाहीत. आपण पडदा आत्ता पूर्वीसारखा करतो आणि उंदीर सोडतो. तुमचं खरं असेल तर ते पुन्हा चुकतील. मी तसं लिहून देतो आणि तुमची माफी मागून जातो."

उंदीरमामा पिंजरे घेऊन आला. धाकटीने चिमटे काढले, पडदा ओढत ओढत चांदणी दाराकडे आणली, चिमटे पुन्हा लावले. मी सरांकडे बघत होते. ते पाण्याकडे बघत नव्हते, तिच्या हातातल्या उंदराकडे बघत होते. तिने फटीतून हात आत घातला.

"नको सोडूस," सर म्हणाले.

तिचा हात थांबला.

"का नको?" साहेबांनी विचारलं.

सर साहेबांना नाही, तिला म्हणाले, "बरोबर जातील ते."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. इतकी वर्षं हे काम करतेय, पण एखाद्या वाक्याखाली मी पहिल्यांदाच रेघ ओढली.

पुढचं त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं. ती नवीन आली होती तेव्हा एकदा ती घरी गेल्यावर त्यांनी स्वतःच पडदा फिरवून एक उंदीर सोडून बघितला होता. तो समोरच्या काठाला गेला. त्यांनी पडदा पुन्हा जागेवर आणला आणि त्यानंतर ग्रंथाची नवी आवृत्ती काढली, आधीच्यापेक्षा जाड.

"मग मला का नाही सांगितलंत?" धाकटीने विचारलं.

"सांगितलं असतं तर माझं काय उरलं असतं?"

एका परीक्षकाने उंदीर सोडायला सांगितला, कारण ऐकीव गोष्ट त्याला चालत नव्हती. ती सोडेना, तेव्हा उंदीरमामाने सोडला. उंदीर सरळ पाटावर जाऊन बसला आणि मिशा पुसायला लागला. त्याच्यामागून सोडलेला प्रत्येक उंदीर पाटावरच गेला. एकटा कानतुट्या चुकला, समोरच्या काठाशी जाऊन घिरट्या घालत बसला. परीक्षकांनी साहेबांच्या अहवालावर उभ्याउभ्याच सह्या केल्या. सर तोवर निघून गेले होते.

मी धाकटीला घेऊन व्हरांड्यात आले. जाऊबाई मुलीला आणायला घरी गेली होती, म्हणून हिने फोन लावला. पलीकडचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता.

"सुटलीस का गं?"

"ताई, सर म्हणाले, उंदीर बरोबर जातील."

"उंदीर गेले खड्ड्यात. तू सुटलीस की नाही ते सांग आधी."

"त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, ताई," धाकटी म्हणाली. "माझं बरोबर आहे, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं." आणि दुपारपासून आवरलेलं रडू तिला तेव्हा फुटलं.